सन 1877 ची मजुरी-कपात आणि पुण्याची सार्वजनिक सभा

चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, हे जुने कोष्टक तोंडपाठ असणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात आता थोड्याच उरल्या आहेत. ते येथे आरंभीच सांगून ठेवण्याचे कारण असे की, पुढे जी हकीकत येणार आहे ती सारी एका-दोन पैशांची आहे. सन 1877 च्या जानेवारीत मुंबई सरकारने दुष्काळी कामावरील मजुरांची रोजी उतरविली. ही रोजी म्हणजे भुकेल्या रयतेला सरकारातून मिळणारी मुख्य मदत होती. खडी फोडावी, माती वाहावी आणि संध्याकाळी पैसे घ्यावेत, अशी ती मदत. तीत कपात झाली तेव्हा त्या कपातीला हरकत कोणी घेतली, कशी घेतली, आणि त्या हरकतीचे पुढे काय झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

1876 साली दख्खनवर पाऊस फिरकला नाही म्हटले तरी चालेल. पुणे, नगर, सोलापूर, सातारा आणि खाली विजापूर-धारवाडपर्यंतचा मुलूख करपून गेला. त्याआधी एकच वर्ष, 1875 च्या मे महिन्यात, भीमथडीतील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. तेव्हा घरात साठवण म्हणून काही असण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारने कामे काढली. नीरेचा डावा कालवा, दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव ही त्याच दुष्काळातली. आज त्या मार्गाने शिर्डीला जाताना गाडीखालची माती कोणी टाकली हे कोणाच्या मनात येत नाही. येण्याचे कारणही नाही म्हणा.

कामांचे प्रकार दोन होते. धडधाकट माणसांसाठी बांधकाम खात्याची मोठी कामे; तेथे नेहमीच्या कामाच्या तीन-चतुर्थांश काम करून घेत. अशक्त, म्हातारी व कमजोर माणसे यांच्यासाठी गावाजवळची हलकी कामे. ती कलेक्टरचे हाताखालचे अंमलदार व मामलेदार पाहत, आणि तेथे निम्मे काम पुरे होई. आरंभी रोजी ठरली ती पुरुषास दोन आणे, बाईस दीड आणा आणि काम करण्याजोग्या मुलास एक आणा. नोव्हेंबरच्या मध्यास धान्य कडाडले, रुपयास सोळा पौंडांहून कमी मिळू लागले, तेव्हा सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली. रोजी धान्याच्या भावाशी बांधून टाकली. भाव काहीही असो, पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळावा, असे ठरले.

मग 19 जानेवारी 1877 रोजी हुकूम निघाला. हलक्या कामांवर यापुढे पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा. बाईस एक पौंडाची किंमत व वर पाव आणा. मुलास अर्ध्या पौंडाची किंमत व वर पाव आणा.

हिशेब करून पाहू. रुपयास सोळा पौंड धान्य धरले म्हणजे पौंडाला एक आणा पडतो. पूर्वी पुरुषाला आठ पैसे, बाईला सहा व मुलाला चार, मिळून नवरा-बायको व एक कामाचे पोर यांच्या घरात दिवसाला अठरा पैसे येत. नव्या हुकुमाने सहा, पाच व तीन, म्हणजे चौदा पैसे. अठराचे चौदा झाले. आणि हा हिशेब त्यातल्या त्यात स्वस्ताईचा. धान्य रुपयास आठ पौंडांवर गेले की पौंडाला दोन आणे पडत. मग पुरुषाच्या वरच्या अर्ध्या आण्यात धान्य घ्यावे म्हटले तर पावच पौंड येई. भाव जितका चढेल तितका तो वरचा अर्धा आणा आटत जाणार.

एक पौंड म्हणजे ऐंशी तोळ्यांच्या शेराचा अर्ध्याहून किंचित कमी. आजच्या भाषेत साडेचारशे ग्रॅम. ज्वारी दळून भाकऱ्या थापल्या तर मोठ्या चार, फार तर पाच. आहारशास्त्राच्या हिशेबाने साधारण 1,600 उष्मांक. घरात बसलेल्या माणसाचे त्यावर कसेबसे भागेल. ज्याला दिवसभर माती उपसावयाची आहे त्याचे भागणार नाही. हे सांगण्यासाठी आपल्यापैकी कोणाला आहारशास्त्राची गरज लागेल असे वाटत नाही. शिवाय दळण आहे, सरपण आहे, मीठ-मिरची आहे, अंगावरच्या फाटक्या लुगड्याचा प्रश्न आहे. बाईच्या वाट्याचा तो पाव आणा, म्हणजे एक पैसा, एवढ्या सगळ्याला पुरवावयाचा होता. कामावर न जाणारी सासू किंवा अंगावर पिणारे मूल असेल तर त्यांचा घासही शेवटी त्यातूनच जाणार. पुरुषाला वर दोन पैसे आणि बाईला एक, हा फरक कोणत्या तत्त्वावर केला हे हुकुमावरून कळत नाही. बाईला मीठ निम्मे लागते असे काही त्या साहेबलोकांना वाटत असावे! स्त्री-पुरुषांना कामाच्या मापाप्रमाणे एकच दर, हे तत्त्व महाराष्ट्रात सरकारी कामांवर रुजावयास पुढे शंभर वर्षे लागली. ते रोजगार हमी योजनेने आणले, आणि त्या योजनेचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला.

सरकारचे म्हणणे काय होते तेही ऐकले पाहिजे. देखरेख अपुरी पडते, शिस्त राहत नाही, रोजी चांगली व काम हलके म्हणून गरज नसलेली माणसेही कामावर येऊन बसतात, असे सरकारी लिखाणात नमूद आहे. यात अगदीच तथ्य नसेल असे नाही. हजारो माणसे जमतात तेथे चार लबाड निघतातच. परंतु चार लबाडांसाठी सगळ्यांचीच भाकर लहान करावयाची, ही युक्ती तेव्हाही होती. शिवाय सरकारच्या मनात आणखी एक गोष्ट होती. गावाजवळच्या कामावरची रोजी उतरली की अंगात बळ असलेले लोक आपोआप दूरच्या मोठ्या कामांवर जातील, असा अडाखा होता. जे जाणार नाहीत त्यांना हलक्या कामावरूनही काढून टाकावे असे ठरले.

या प्रमाणाला इतिहासात ‘टेंपलची मजुरी’ असे नाव पडले आहे. सर रिचर्ड टेंपल यांना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्याच जानेवारीत मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळ पाहण्यासाठी पाठविले. या गृहस्थांचा पूर्वेतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 1874 च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना सढळ हाताने मदत केली होती, आणि भूकबळी फारच थोडे पडले होते. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी पैसा उधळला म्हणून इंग्लंडात त्यांच्यावर टीका झाली. माणूस एकदा असा पोळला म्हणजे ताकही फुंकून पितो. टेंपलसाहेबांनी या खेपेस ताक प्यायचेच सोडले. एक पौंडावर माणूस काम करून जगू शकतो की नाही हे पाहावे, अशी त्यांची भूमिका होती. प्रयोग म्हणून! लिटनसाहेबांना तर धान्याच्या व्यापारात हात घालणे नको होते आणि तिजोरीवर भार नको होता. त्याच वर्षीच्या 1 जानेवारीला दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले होते. दरबार आणि कपात यांच्यात अठरा दिवसांचे अंतर आहे.

कपातीला पहिली हरकत घेतली ती ज्यांची रोजी गेली त्यांनीच. दख्खनच्या जिल्ह्यांतून हजारो माणसे कामे टाकून घरी निघून गेली. नवी रोजी पुरत नाही आणि गाव सोडून लांबच्या छावणीत आम्ही जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हा संप होता. पण हातात काहीही नसलेल्या माणसांचा संप. गिरणीतला कामगार संप करतो तेव्हा मालकाचे नुकसान होते. येथे काम बंद झाल्याने सरकारचा पैसा उलट वाचत होता, आणि उपास संप करणाऱ्यालाच घडत होता. तरीही ते गेले. याचा अर्थ दोन बाजूंनी दोन लावले गेले. सरकार म्हणे, पाहा, घरी जाऊन बसतात त्याअर्थी त्यांना गरज नव्हतीच. दुसरी बाजू म्हणे, कामावर राहून मरावयाचे व घरी राहून मरावयाचे यांत त्यांनी घर निवडले.

ही दुसरी बाजू सरकारच्या कानावर घालण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. सभा 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झाली होती. तिचे मूळ पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींत होते, हे वाचून गंमत वाटते; देवस्थानच्या भांडणातून एवढी मोठी संस्था निघाली. सभेची एक रीत फार चांगली होती. सभासद व्हावयाचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या 95 सभासदांमागे सुमारे 6,000 लोकांच्या सह्या होत्या. त्यामुळे सरकारने ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे विचारले तर दाखवावयास कागद होता.

सभेचा प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, वकील. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणत. दिल्लीच्या त्याच दरबाराला ते सभेच्या वतीने हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आलेच पाहिजे, कारण त्यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली आणि निरनिराळ्या जातींच्या बायकांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र आणले. आपल्यासारख्या मंडळांची ती पणजीच म्हणावयाची. सभेच्या लिखाणामागे बुद्धी होती महादेव गोविंद रानडे यांची. ते सरकारी न्यायाधीश असल्यामुळे सही त्यांची नसे; चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर वगैरे मंडळींच्या नावाने पत्रे जात.

सभेने काय केले? तिने माहिती गोळा केली. ऐकावयास हे फार मोठे वाटत नाही. पण दुष्काळाची चिन्हे दिसू लागल्यापासून सभेने ठिकठिकाणच्या प्रतिनिधींकडून तालुक्यांची हकीकत मागविली: पाऊस किती, पीक किती, विहिरींना पाणी आहे की नाही, धान्याचा भाव काय, किती माणसे गाव सोडून गेली, कामावर रोजी काय मिळते. ती एकत्र करून सरकारला एकामागून एक पत्रे पाठविली. कपात झाल्यावर त्याच पत्रांतून तिच्याविरुद्ध तक्रार मांडली. सरकारी अंमलदाराने ‘लोक सुखी आहेत’ असे वर लिहावे आणि त्याच तालुक्याचे आकडे सभेने सरकारपुढे ठेवावेत, असा हा सामना होता. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. आमच्याकडची माहिती अशी आहे, आपली कशी आहे ते कृपा करून सांगावे, एवढेच. सरकारला असल्या नम्रतेचा राग जास्त येतो.

सभा म्हणजे सगळी रयत होती, असे मात्र समजू नये. तिच्यात सरदार होते, इनामदार होते, वकील होते, सावकार-व्यापारीही होते. सारा माफ व्हावा यात काहींचा स्वतःचाही लाभ होता. जोतीराव फुले यांनी तर सभेला ‘सार्वजनिक’ म्हणणेच मान्य केले नाही, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. खडी फोडणारी एकही बाई सभेच्या बैठकीस बसलेली नव्हती. तिच्या वतीने जे लिहिले गेले ते तिला विचारून लिहिले असेल असे मानावयास आधार नाही. परंतु लिहिले गेले, आणि बरोबर लिहिले गेले.

जोतीराव व सावित्रीबाई यांचा मार्ग निराळा होता. सत्यशोधक समाजाची माणसे जुन्नर भागात गावोगाव फिरून मदत करीत होती. 20 एप्रिल 1877 रोजी ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात अन्नावाचून तडफडणारी माणसे, मेलेली जनावरे आणि ओस पडणारी गावे यांची हकीकत आहे. मे महिन्यात धनकवडीच्या छावणीतील ‘व्हिक्टोरिया बालाश्रमा’साठी जोतीरावांनी मदतीचे विनंतीपत्रक काढले. तेथे मुलांना अन्न मिळत होते. पुण्यात एका बाजूला पैशाचा हिशेब मांडून सरकारशी वाद चालला होता आणि दुसऱ्या बाजूला पोरांना जेवू घातले जात होते. दोघांची तोंडे एकमेकांकडे नव्हती, हे आपले दुर्दैव. पण दोन्ही कामे झाली हेही खरे.

इकडे मद्रासेस एक अनपेक्षित साथी पुढे आला. त्या इलाख्याचे आरोग्य कमिशनर डॉ. कॉर्निश हे स्वतः सरकारी नोकर. त्यांनी टेंपलसाहेबांच्या एक पौंडाला उघड विरोध केला. कामावरच्या माणसांची शरीरे त्यांनी डॉक्टरच्या नजरेने पाहिली होती. एवढ्या अन्नावर कष्ट करणारे शरीर टिकत नाही, असे त्यांनी सरकारला ठासून कळविले. तुरुंगातल्या सक्तमजुरीच्या कैद्याला याहून जास्त खावयास मिळते, हाही मुद्दा त्या वेळी पुढे आला. मद्रासेत ही मजुरी जानेवारीच्या अखेरीस लागू झाली होती; मे महिन्यात ती बदलून प्रमाण वाढवावे लागले. चार महिने प्रयोग चालला. तो ज्यांच्यावर झाला त्यांची मोजदाद निराळी कोणी ठेवली नाही. सबंध दुष्काळात ब्रिटिश मुलखात मेलेल्यांची संख्या 50 लाखांच्या वर धरतात. मुंबई इलाख्याचा वाटा त्यात सुमारे 8 लाखांचा.

पुण्यापुरते पाहिले तर सभेला तेथल्या तेथे मोठा जय मिळाला असे म्हणता येत नाही. उलट 1877 च्या मे महिन्यापासून मुंबईचे गव्हर्नर म्हणून कोण आले? सर रिचर्ड टेंपल! ज्यांच्या नावाच्या मजुरीविरुद्ध पत्रे लिहिली त्यांच्याच नावे आता पत्रे लिहावयाची. पुण्याच्या मंडळींविषयी त्यांच्या मनात संशय होता आणि तो वाढत गेला. 1878 साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केले. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतील हा कारकून. दुष्काळातील लोकांचे हाल पाहून तो पेटला होता. तेव्हा रानड्यांना आणखी दूर धुळ्यास पाठविले. तेथे त्यांच्या टपालावर कशी नजर ठेवली जात असे हे रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे. ज्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांनी एवढ्यासाठी तरी मिळवून वाचावे. फडक्यांचे वकीलपत्र घेण्यास पुढे आले ते सार्वजनिक काकाच. 1880 साली काका वारले.

पण कागदाचे एक बरे असते, तो माणसाच्या मागे राहतो. 1878 साली सरकारने सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ कमिशन नेमले. त्यात दोन हिंदी सभासद होते. म्हैसूरचे रंगाचार्लू आणि कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे. कमिशनचा अहवाल 1880 साली आला. काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दीड पौंड पीठ आणि त्याला जोडून डाळ मिळाली पाहिजे, असे त्यात लिहिले गेले. एक पौंडाचा दीड पौंड झाला. पुढे अहवालावरून दुष्काळाचे कायदेवजा नियम तयार झाले: कामे केव्हा काढावीत, रोजी किती द्यावी, अशक्तांची सोय कशी करावी. ज्याला तोवर सरकारची मेहेरबानी म्हणत होते त्याला आता लेखी नियम मिळाला. नियम असला म्हणजे तो मोडला असे म्हणता येते.

तसे म्हणण्याची वेळ 1896 साली आली. पुन्हा पाऊस गेला, पुन्हा कामे निघाली. सभा आता लोकमान्य टिळकांच्या हाती होती. या वेळी सभेने सरकारला नुसती पत्रे लिहिली नाहीत. दुष्काळाचे नियम मराठीत करून पत्रके छापली आणि माणसे गावोगाव पाठवून शेतकऱ्यांना वाचून दाखविली. तुम्हाला काय मिळावयाचे आहे ते सरकारच्याच नियमात असे असे लिहिले आहे. मिळत नसेल तर मागा, हे त्यांचे सांगणे. ‘केसरी’तूनही तेच चालले होते. वीस वर्षांपूर्वी जी गोष्ट पुण्याच्या दिवाणखान्यातून मुंबईच्या सचिवालयाकडे जात होती, ती आता चावडीवर जाऊन पोहोचली. सरकारने सभेच्या काही प्रतिनिधींवर खटले भरले. मार्च 1897 मध्ये ठराव करून, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नावर सरकारला लिहिण्याचा या सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही, असे जाहीर केले. तोपर्यंत पत्रके वाटून झाली होती.